गृहकर्जाच्या फाइलमधून घराचे उत्सर्जन कसे घटवावे : वित्तसंस्थांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

विकासक घराचा ताबा देऊन पुढच्या प्रकल्पाकडे वळतो, वास्तुरचनाकाराचे काम नकाशा मंजूर झाल्यावर जवळजवळ संपते आणि वीज पुरवणाऱ्या कंपनीला मीटरच्या पलीकडे घरात काय चालले आहे ते दिसत नाही. घर तारण ठेवून घेणारी वित्तसंस्था मात्र पंधरा-वीस वर्षे त्या घराशी बांधलेली असते. मूळ दस्तऐवज तिच्या तिजोरीत असतात, घराची पाहणी तिच्या मूल्यांकनकाराने केलेली असते आणि कर्जदाराच्या दरमहाच्या मिळकतीतून कशाकशाला किती जाते याचा हिशोब तिने मंजुरीपूर्वीच मांडलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये ऊर्जा आणि औद्योगिक प्रक्रियांतून होणाऱ्या जागतिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ३७ टक्के वाटा इमारती वापरण्याचा आणि बांधण्याचा होता. या वाट्यातला घरांचा भाग कमी करण्यासाठी गृहकर्जाची रोजची कार्यपद्धती कुठे आणि कशी बदलावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

एक भेद सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवा, कारण पुढच्या जवळपास प्रत्येक पायरीवर तो आडवा येतो. वित्तसंस्थेच्या कर्जखात्यांतले उत्सर्जन कमी दिसणे आणि प्रत्यक्ष घरांचे उत्सर्जन कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या, तापणाऱ्या किंवा गळक्या घरांना कर्ज नाकारून नव्या प्रमाणित घरांनाच कर्जे दिली, तर संस्थेचा अहवाल सुधारतो. नाकारलेले घर मात्र दुसऱ्या संस्थेच्या कर्जावर, पूर्वीइतकीच वीज जाळत उभे असते.

पहिली पायरी : आज काय आहे ते मोजणे

मोजणीसाठी नवी पद्धत शोधण्याची गरज नाही. नेदरलँड्समधील वित्तसंस्थांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘पार्टनरशिप फॉर कार्बन अकाउंटिंग फायनान्शियल्स’ या उपक्रमाने २०२० मध्ये जागतिक मानक प्रसिद्ध केले आणि त्यात गृहकर्जासाठी स्वतंत्र सूत्र आहे. सूत्र सोपे आहे : आज शिल्लक असलेल्या मुद्दलाला कर्ज देतेवेळच्या घराच्या किमतीने भागायचे आणि आलेल्या गुणोत्तराने घराच्या वार्षिक उत्सर्जनाला गुणायचे. समजा, एका घरात वर्षाला २,४०० युनिट वीज लागते आणि तिथल्या वीजनिर्मितीत प्रत्येक युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. घराचे उत्सर्जन झाले १,६८० किलो. कर्ज देताना घराची किंमत १०० होती आणि आज मुद्दल ६० शिल्लक आहे असे धरले, तर वित्तसंस्थेच्या नावावर १,००८ किलो येतात. भागाकारात आजची किंमत न घेता कर्ज देतेवेळची घेतात, त्याला कारण आहे. नाहीतर बाजारभाव वाढला की घराची एक वीटही न हलता उत्सर्जन घटलेले दिसले असते.

तरीही या सूत्रात एक पळवाट उरतेच. कर्जदार हप्ते भरत जातो तसे मुद्दल कमी होते आणि त्याबरोबर संस्थेच्या नावावरचे उत्सर्जनही कमी होते, घर मात्र होते तसेच राहते. म्हणून संस्थेच्या वाट्याच्या आकड्याशेजारी संपूर्ण घराचे उत्सर्जन आणि दर चौरस मीटरमागचा वार्षिक ऊर्जावापर हे दोन आकडे पहिल्या दिवसापासून नोंदवून ठेवावेत. वर्षे गेल्यावर ते मागे जाऊन मिळवता येत नाहीत.

याच मानकात माहितीच्या दर्जाला १ ते ५ असे गुण दिले आहेत. प्रत्यक्ष वीजवापर आणि पुरवठादाराचा उत्सर्जनदर हाती असेल तर १, ऊर्जा-श्रेणी (घर किती कमी ऊर्जेत चालते यावरून त्याला प्रमाणपत्राने दिलेली प्रत) आणि क्षेत्रफळ यांवरून केलेला अंदाज असेल तर ३ आणि केवळ घरांच्या संख्येवरून बांधलेली सरासरी असेल तर ५. सुरुवातीला बहुतेक खाती ४ किंवा ५ वर असणार, हे स्वीकारून पुढे जावे. सगळी माहिती परिपूर्ण झाल्यावरच काम सुरू करू, असे म्हणणाऱ्या संस्थेचे काम सहसा सुरूच होत नाही.

दुसरी पायरी : मूल्यांकनाच्या नमुन्यात दहा ओळी वाढवणे

माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित जागा हीच आहे. मूल्यांकनकार घरात अर्धा-पाऊण तास असतोच. तो खोल्या मोजतो, भिंतींची ओल पाहतो, दस्तऐवजातले आणि प्रत्यक्षातले क्षेत्रफळ जुळते का ते तपासतो. त्याच फेरीत त्याने पुढील गोष्टी टिपाव्यात : घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे का, छत कशाचे आहे आणि त्यावर उष्णतारोधक थर आहे का, कोणत्या भिंती उघड्यावर आहेत आणि त्यांची दिशा कोणती, खिडक्यांना एकेरी काच आहे की दुहेरी, खिडक्यांवर सावली पडते का, थंडाव्याची किंवा ऊब देणारी उपकरणे किती व किती वर्षांची आहेत, पाणी कशावर तापते आणि सामायिक इमारत असल्यास गच्चीचा हक्क कोणाकडे आहे. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पुढे सौर पॅनेलच्या कर्जाची फाइल तिथेच अडते.

यासोबत कर्जदाराच्या लेखी संमतीने मागील बारा महिन्यांची वीज आणि इंधनाची बिले घ्यावीत. एखाद-दुसऱ्या महिन्याच्या बिलावरून हिशोब करू नये, कारण ऋतूप्रमाणे वापर बदलतो. पुनर्विक्रीचे घर काही काळ बंद असेल, तर जवळजवळ शून्य आलेले बिल घराचा गुण दाखवत नाही. ‘घर रिकामे होते’ असा शेरा मारून ते बाजूला ठेवावे.

ऊर्जा-श्रेणीचे प्रमाणपत्र हाती असले तरी बिले का मागायची, असा प्रश्न शाखेतून येईल. जर्मनीतील सुमारे ३,४०० घरांच्या माहितीवर आधारलेल्या २०१२ मधील एका अभ्यासात असे आढळले, की प्रत्यक्ष ऊर्जावापर हा गणिताने काढलेल्या वापरापेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी कमी होता आणि घर जितके वाईट श्रेणीचे, तितकी ही तफावत मोठी होती. खराब घरातली माणसे बिल परवडत नाही म्हणून कमी खोल्या तापवतात, कमी वेळ तापवतात. अशा घरात सुधारणा केल्यावर श्रेणीच्या कागदावर दिसते तेवढी बचत होत नाही, कारण घरातले लोक आता नीट उबेत राहू लागतात. ही गोष्ट चांगलीच आहे. मात्र तेवढ्या बचतीच्या भरवशावर हप्ता ठरवला असेल तर कर्जदार अडचणीत येतो.

तिसरी पायरी : कोणत्या खात्यांपासून सुरुवात करावी

सर्व कर्जदारांना एकाच वेळी पत्रे पाठवण्यात अर्थ नाही. बिले मोठी, इमारत जुनी, परतफेड नियमित आणि कर्जाची किमान सात-आठ वर्षे शिल्लक, अशी खाती आधी वेगळी काढावीत. वरच्या मजल्यावरची आणि स्वतंत्र घरे या यादीत आपोआप वर येतात, कारण त्यांच्या छतातून आणि भिंतींतून उष्णतेची ये-जा सर्वाधिक होते.

चौथी पायरी : कर्जदार दारात येतो तो क्षण पकडणे

घरात राहणारा माणूस केवळ उत्सर्जन कमी व्हावे म्हणून भिंती फोडत नाही. तो बांधकामाला हात घालतो तेव्हा कारण वेगळे असते : छत गळते, ताबा मिळाला आहे पण राहायला जाणे बाकी आहे, मुले मोठी झाल्याने खोली वाढवायची आहे. यांपैकी बहुतेक प्रसंगी तो वाढीव कर्जासाठी किंवा कर्ज दुसरीकडून वळवून आणण्यासाठी वित्तसंस्थेकडे येतोच.

छताच्या गळतीसाठी वाढीव कर्ज मागणारी फाइल उदाहरणादाखल घेऊ. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात जुना थर खरवडणे, मलबा खाली उतरवणे, जलरोधक लेप आणि मजुरी हे सगळे धरलेलेच आहे. त्याच कामात उष्णतारोधक थर आणि वरून सूर्यप्रकाश परतवणारा लेप घ्यायचा ठरला, तर वाढीव खर्च प्रामुख्याने साहित्याचा असतो. हीच गोष्ट दोन वर्षांनी स्वतंत्रपणे करायची म्हटली तर नवा जलरोधक लेप पुन्हा उखडावा लागतो, म्हणजे ती होतच नाही. म्हणून वाढीव कर्जाच्या अर्जात ‘कामाचे कारण’ या रकान्यात छत, बाह्य भिंत किंवा खिडक्या असे काही लिहिलेले दिसले, की मंजुरीपूर्वी कर्जदाराला दुसरे, सुधारित अंदाजपत्रक आणायला सुचवावे आणि दोन्ही अंदाजपत्रकांतील फरकाची रक्कम कमी व्याजदराने देऊ करावी. हे सुचवण्याचे काम शाखेतल्या अधिकाऱ्याचे आहे. सभागृहात भरवलेल्या जनजागृतीच्या कार्यक्रमाने ते होत नाही.

पाचवी पायरी : हप्ता, बचत आणि मुदत यांचा मेळ

घरसुधारणेसाठी कर्जदार बहुधा वैयक्तिक कर्ज घेतो आणि तिथेच गणित फसते. एक लाख रकमेमागे १४ टक्के दराने चार वर्षांचे कर्ज घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २,७३३ येतो; तेवढीच रक्कम ९ टक्के दराने दहा वर्षांच्या गृहकर्जात मिळवली तर १,२६७ आणि पंधरा वर्षांसाठी १,०१४. महिन्याला १,३०० ची वीजबचत देणारे काम पहिल्या प्रकारात खिशाला चाट लावते, तर दुसऱ्या प्रकारात पहिल्या महिन्यापासून स्वतःचा हप्ता स्वतः भरते.

पण याची दुसरी बाजू कर्जदाराला स्पष्ट सांगायला हवी. चार वर्षांच्या कर्जात एकूण परतफेड सुमारे १ लाख ३१ हजार होते, पंधरा वर्षांच्या कर्जात १ लाख ८२ हजारांच्या पुढे जाते. शिवाय कर्जाची मुदत वस्तूच्या आयुष्यापेक्षा मोठी असता कामा नये. उष्णतारोधक थर किंवा दुहेरी काचेच्या खिडक्या दीर्घकाळ टिकतात, त्यांना पंधरा वर्षे चालतील. वातानुकूलन यंत्राला दहा वर्षांपलीकडची मुदत देणे म्हणजे भंगारात गेलेल्या यंत्राचे हप्ते कर्जदाराच्या गळ्यात बांधणे होय. एकाच वाढीव कर्जात दोन्ही असतील, तर त्यांचे दोन भाग पाडून वेगवेगळ्या मुदती द्याव्यात. संगणकप्रणालीत अशी सोय नाही, हे उत्तर सुरुवातीला हमखास मिळेल.

परतफेड-क्षमता ठरवताना ऊर्जेचे बिल हा खर्च म्हणून धरणे हा या पायरीचा पुढचा भाग. अमेरिकेत सरकारी हमी असलेल्या कर्जांसाठी ऊर्जाकार्यक्षम गृहकर्जाचा प्रयोग १९९२ मध्ये पाच राज्यांत सुरू होऊन १९९५ मध्ये देशभर लागू झाला; त्यात सुधारणेचा खर्च मूळ कर्जातच मिळवता येतो. नेदरलँड्समध्ये २०२४ पासून घराची ऊर्जा-श्रेणी चांगली असेल तर त्याच मिळकतीवर अधिक कर्ज मिळू शकते, आणि महत्त्वाचे म्हणजे, वाईट श्रेणीच्या घराला सुधारणेसाठी मिळणारी जादा रक्कम चांगल्या श्रेणीच्या घरापेक्षा मोठी असते. अपेक्षित बचत मिळकतीत धरताना मात्र ती पूर्ण धरू नये. दुसऱ्या पायरीत सांगितलेल्या तफावतीमुळे निम्मी ते दोन-तृतीयांश धरणे मला सुरक्षित वाटते.

ब्रिटनचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथल्या सरकारने जानेवारी २०१३ मध्ये ‘ग्रीन डील’ योजना आणली : सुधारणेचे कर्ज घ्या आणि ते वीजबिलातून फेडा. कल्पना चांगली होती, पण व्याज गृहकर्जापेक्षा बरेच महाग आणि कागदपत्रे किचकट. अपेक्षेच्या मानाने फारच थोड्या घरांनी ती घेतली आणि २०१५ मध्ये सरकारने तिचा निधी थांबवला. अमेरिकेत मालमत्ताकरातून फेडायच्या सुधारणा-कर्जांना वेगळीच अडचण आली. ही कर्जे वसुलीत गृहकर्जाच्याही आधी येत असल्याने २०१० मध्ये गृहवित्त नियामकाने त्यांवर हरकत घेतली. वित्तसंस्थेने स्वतःच्याच तारणावर वाढीव कर्ज दिले, तर महागडे व्याज आणि वसुलीचा क्रम हे दोन्ही प्रश्न उद्भवत नाहीत.

सहावी पायरी : कामांचा क्रम ठरवून देणे

आधी घराचे कवच म्हणजे छत, बाह्य भिंती आणि खिडक्या, मग उपकरणे, शेवटी सौर पॅनेल, हा क्रम मंजुरीपत्रात लिहावा. छत आणि फटी तशाच ठेवून आधी यंत्र घेतले तर ते गरजेपेक्षा मोठे घेतले जाते आणि नंतर कवच सुधारले की अर्ध्या क्षमतेने चालत राहते. जिथे घरे तापवावी लागतात तिथे बाहेरची उष्णता घरात खेचून आणणारा उष्णता-पंप एक युनिट विजेतून साधारण तीन युनिट उष्णता देतो, पण गळक्या घरात त्याचाही दम निघतो. विक्रेत्यांचा जोर बहुधा सौर पॅनेलवर असतो, कारण ते दिसते आणि लवकर बसते. अधिकाऱ्याने या जोराखाली क्रम उलटा करू नये.

सातवी पायरी : रक्कम टप्प्याने देणे आणि काम तपासणे

भिंतीत गेलेला थर नंतर दिसत नाही, म्हणून तपासणी काम झाकले जाण्यापूर्वी व्हायला हवी. बांधकाम-कर्जाचे वितरण टप्प्याने करण्याची सवय वित्तसंस्थांना आहेच. तीच इथे वापरावी : पहिला हप्ता साहित्यासाठी थेट पुरवठादाराला, दुसरा थर बसवल्यावर पण त्यावर गिलावा होण्यापूर्वी काढलेल्या तारखेच्या छायाचित्रांवर, आणि शेवटचे दहा टक्के साहित्याचे बिल, जाडी व प्रत यांची नोंद मिळाल्यावर. त्यानंतर बारा महिन्यांनी पुन्हा बिले मागवावीत. हे शेवटचे काम कोणाच्याच जबाबदारीत येत नसल्याने राहून जाते. ते वार्षिक खातेउताऱ्याच्या टपालाशी जोडून द्यावे आणि बिले पाठवणाऱ्याला प्रक्रियाशुल्कात लहानशी सूट द्यावी.

आठवी पायरी : व्याजसवलत कुठे द्यावी आणि कुठे नाही

‘हरित गृहकर्ज’ म्हणून बाजारात जे विकले जाते, त्यात बहुतेकदा आधीच प्रमाणित असलेल्या नव्या घराला व्याजात किरकोळ सूट असते. जो माणूस ते घर घेणारच होता त्याला मिळालेले हे बक्षीस आहे. त्याने उत्सर्जनात फरक पडतो असे मला वाटत नाही. त्यापेक्षा जपानचा मार्ग अधिक परिणामकारक आहे. तिथल्या सरकारी गृहवित्त संस्थेच्या ‘फ्लॅट ३५’ या कर्जात अधिक कार्यक्षम घरांना सुरुवातीची काही वर्षे व्याजात सूट आहेच, पण एप्रिल २०२३ पासून नव्या घराने ऊर्जाबचतीचा किमान निकष पाळला नसेल तर हे कर्ज मिळतच नाही. म्हणजे नव्या घराला पात्रतेची अट आणि जुन्या घराला सुधारणेसाठी सवलत, अशी विभागणी करावी.

जुन्या घराला दिलेली सवलत म्हणजे निव्वळ दानधर्म नव्हे. अमेरिकेत सुमारे ७१,००० कर्जांचा अभ्यास करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ऊर्जाकार्यक्षम घरांच्या कर्जबुडीचा धोका सरासरी ३२ टक्क्यांनी कमी आढळला. बँक ऑफ इंग्लंडच्या २०२० मधील शोधनिबंधातही कार्यक्षम घरांची कर्जे कमी थकतात असेच दिसले. यात कार्यक्षम घर घेणारा माणूसच मुळात अधिक सावध असण्याची शक्यता आहे, म्हणून जोखीम-विभागाने हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. स्वतःच्या सुधारलेल्या आणि न सुधारलेल्या खात्यांची थकबाकी तीन-चार वर्षे शेजारीशेजारी पाहावी.

नववी पायरी : विकासकाचे कर्ज

नव्या इमारतीतले मोठे उत्सर्जन रहिवासी येण्यापूर्वीच, सिमेंट आणि पोलादात होऊन गेलेले असते. जगातील कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचे आहे आणि त्यातले निम्म्याहून अधिक इंधनामुळे नव्हे, तर चुनखडी भाजताना तिच्यातूनच बाहेर पडते. म्हणून केवळ भट्टीचे इंधन बदलून ते थांबत नाही. सिमेंटमधील क्लिंकरचे, म्हणजे चुनखडी भाजून तयार होणाऱ्या मुख्य घटकाचे, प्रमाणच कमी करावे लागते. राख किंवा झोतभट्टीची मळी मिसळलेले सिमेंट यासाठीच वापरतात. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची भुकटी वापरून क्लिंकर निम्म्यावर आणणाऱ्या सिमेंटमुळे उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटू शकते.

याबाबतची अट पाया खोदण्यापूर्वी घालायला हवी. प्रकल्पकर्जाच्या प्रस्तावात दर चौरस मीटरमागे किती सिमेंट आणि पोलाद लागणार ते विचारावे, संरचना अभियंत्याकडून दोन पर्यायी आराखडे मागवावेत आणि निवडलेल्या आराखड्यातील प्रमाण वितरणाच्या टप्प्यांशी बांधावे. पहिला स्लॅब पडल्यावर मागितलेली माहिती अहवालाच्या कामाची असते, इमारतीच्या नाही.

दहावी पायरी : वाईट घरातला माणूस मागे राहू नये

ऊर्जा-श्रेणी व्याजदराशी जोडली की ज्यांच्याकडे पैसा कमी, त्यांचीच घरे वाईट श्रेणीत असल्याने त्यांनाच महाग कर्ज मिळण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे श्रेणीवरून दर वाढवू नये, कर्ज नाकारू नये आणि सुधारणेच्या कर्जासाठी किमान रकमेची अट इतकी मोठी ठेवू नये की फक्त छताचे काम करू इच्छिणारा बाहेर फेकला जाईल. सामायिक इमारतीत एकेका सदनिकेला कर्ज देऊन छताचे काम होत नाही, तिथे रहिवाशांच्या संस्थेलाच कर्ज द्यावे लागते. हे उत्पादन बहुतेक वित्तसंस्थांकडे नाही, आणि शहरी घरांचा विचार केला तर सर्वांत आधी तयार करण्यासारखे तेच आहे.

अकरावी पायरी : पैसा उभारणे आणि हिशोब देणे

कमी दराने कर्ज द्यायचे तर निधीही थोडा स्वस्त मिळायला हवा. त्यासाठी कार्यक्षम घरांची कर्जे एकत्र करून हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी पैसा उभारणारे कर्जरोखे, काढण्याचा मार्ग आहे. नेदरलँड्समधील ओब्विऑन या संस्थेने २०१६ मध्ये गृहकर्जांवर आधारित असे रोखे काढले होते. मात्र रोख्यांतून आलेली रक्कम पुन्हा नव्या प्रमाणित घरांकडेच वळणार नाही, यासाठी तिचा ठरावीक हिस्सा सुधारणा-कर्जांसाठी राखून ठेवावा.

वार्षिक हिशोबात उत्सर्जनातील घट एकाच आकड्यात न दाखवता चार रकान्यांत विभागून द्यावी : कर्जफेडीमुळे किती घटले, वीजनिर्मिती स्वच्छ झाल्यामुळे किती घटले, नवी खाती आली आणि जुनी बंद झाली त्यामुळे किती बदलले, आणि तेच घर, तीच माणसे असताना मीटरवर किती घटले. पहिली काही वर्षे चौथा रकाना अगदी लहान असेल आणि संचालक मंडळाला तो दाखवताना संकोच वाटेल. तरी अधिकाऱ्यांची उद्दिष्टे आणि प्रोत्साहन-भत्ते याच रकान्यावर ठरवावेत, कारण पहिले तीन रकाने शाखेने काहीही केले नाही तरी हलत राहतात.